वरच्या मजल्यावरचं खत

मेहकरच्या त्या बिल्डिंगीतल्या आम्ही चार-पाच जणी अजून कुठे लग्नाकार्यात भेटलो, की जेवण बाजूला राहतं. एक म्हणते, "काकींचे गहू आठवतात का गं?" की झालं सुरू! किस्से कोणी मुद्दाम जमा करत नाही. एका अंगणातून आठ घरं येत-जात असली आणि एका नळाला आठ घरांच्या घागरी लागत असल्या, की ते आपोआप साचतात. फक्त एक फरक पडलाय. पूर्वी आमचं हसणं शेवटपर्यंत जायचं. आता मधेच एखादी पदर नीट करायला लागते, आणि दुसरी घाईघाईनं विचारते, "वरण घेतलंस का?"

बिल्डिंग म्हणजे सरकारी क्वार्टर्स हो. खाली चार, वर चार, वरच्यांना पुढे एक लांब गॅलरी. महाराष्ट्र होऊन नऊएक वर्षं झाली होती. मेहकरात तेव्हा असं एकावर एक राहणं नवीनच. बस स्टँडवर टांगेवाल्याला नुसतं 'बिल्डिंग' म्हटलं तरी पुरे व्हायचं. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, आमचे हे इरिगेशनच्या ऑफिसात होते. आम्ही वर राहायचो. आमच्या शेजारी, गॅलरीच्या टोकाला गवई भाऊ आणि त्यांची बायको सिंधूबाई. आणि त्यांच्या बरोबर खाली देशमुख काका-काकी. काका तहसिलीत अव्वल कारकून. माणूस इतका अबोल, की सकाळी ऑफिसला निघताना चपलांचा आवाज आला तर कळायचं, काका घरी होते! काकी दोघांचंही बोलायच्या.

गवई भाऊ शेती खात्यात होते. सायकलवर गावोगाव जायचं आणि लोकांना उकिरड्याऐवजी कंपोस्टचा खड्डा करायला लावायचं, एवढंच त्यांचं काम. बाकी सगळ्यांच्या सामानात ट्रंका आणि गाद्या आल्या. त्यांच्या सामानात आला काठ फुटलेला एक मोठा रांजण. त्याला त्यांनी खालून-बाजूनं भोकं पाडली, गॅलरीत चार विटांवर ठेवला आणि घरातला भाजीपाल्याचा कचरा, वर माती, वर शेणकाला असे थर द्यायला सुरुवात केली.

काकी अंगणात उभ्या राहून वर बघत ओरडल्या, "लोकायचा उकिरडा गावाबाहेर असते, आमचा डोक्यावर आला!"

गवई भाऊ कठड्यावरून वाकून म्हणाले, "काकी, खेड्यात मी लोकायले सांगतो, खड्डा करा. ते इचारतात, सायेब, तुमचा कुठी हाय? मंग का सांगू? मी वरच्या मजल्यावर राह्यतो म्हून?"

०

पहिल्या उन्हाळ्यात काकींनी कंप्लेंट केली. तोंडी नाही, लेखी! काकांच्या अक्षरात, काकींच्या भाषेत. तीन दिवसांपासून वरून असह्य दुर्गंधी येत आहे, जेवण जात नाही, रांजण ताबडतोब हलवावा.

खरं सांगते, वास आम्हालाही येत होता. आंबूस, नाकात बसणारा. मी दोनदा गॅलरीत जाऊन रांजणाकडे संशयानं बघून आले. सिंधूबाई दारात बसून शेंगा सोलत राहिली, पण तिची मान खाली होती.

इन्स्पेक्शनला ओव्हरसियर आले. नाकाला रुमाल लावूनच जिना चढले. गवई भाऊंनी रांजणावरचं पोतं काढलं, आत हात घातला आणि मूठभर काळं खत त्यांच्या पुढे धरलं. ओव्हरसियरनी भीत भीत रुमाल काढला, वास घेतला, परत घेतला.

"हे तर नांगरटीच्या मातीसारखं आहे हो!"

मग ते नाक वर करून निघाले. पुढे ते, मागे आम्ही सगळे. गॅलरी झाली, जिना झाला, खाली आले आणि थेट देशमुखांच्या दारात उभे राहिले. आत न्हाणीत एका मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, कुरडयांचे गहू भिजत घातलेले. तिसरा दिवस! वर हा एवढा फेस!

ओव्हरसियर काकींकडे बघत राहिले. काकी तडकल्या, "त्याचा वास नाही येत! ते गहू हायेत!"

बिल्डिंग आठ दिवस हसत होती. पण सिंधूबाई हसली नाही. मला म्हणाली, "बाई, वर आमचं घर नसतं, तं वासापायी कोणी इन्स्पेक्शन आणलं असतं का?"



०

सिंधूबाईच्या हाताला चव होती म्हणणं पुरेसं नाही. तिला महिने कळत होते. बाजारात काय आलंय ते आम्ही बघायचो. तिला ते आधीच माहीत असायचं. आषाढात तरोटा, मग चिवळ आणि घोळ, श्रावणात कटुर्ली, भादव्यात अंबाडी, थंडी पडली की हरभऱ्याचा पाला खुडून भाजी. आमच्या घरी आलू आणि वांगी बारा महिने. ती म्हणायची, "बारा महिने एकच खाता, तर महिने कायले बदलतात मंग?"

तरोटा म्हणजे पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला माजणारं तण. त्याची भाजी करतात हे ऐकून काकी म्हणाल्या, "ढोरंबी तोंड लावत नाहीत!" पण एकदा तिच्या घरातून लसणाच्या फोडणीचा असा वास आला, की मला राहवेना. म्हटलं, मला शिकव.

तिनं शिकवलं. माझ्या दाराच्या बाहेर, गॅलरीत उभी राहून.

मी आत शेगडीजवळ आणि ती उंबऱ्याच्या पलीकडे. कढईत काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. ती वासावरून सांगायची. "आता कांदा टाका. थांबा, लसूण लाल होऊ द्या... हं. आता पाला टाका. झाकू नका! मीठ आत्ता नाही, पाणी सुटल्यावर." मी शाळेत पन्नास मुलींना शिकवत होते, पण अशी शिक्षिका मी पाहिली नाही. मधे माझी मुलगी रडली म्हणून मी वळले, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "बाई, खालून लागली तुमची!"

बघते तर खरंच लागली होती.

हा किस्सा मी शंभरदा सांगितलाय आणि प्रत्येक वेळी लोक हसलेत. एकदा माझ्या मुलीनं, मोठी झाल्यावर, विचारलं, "पण आई, ती आत का नव्हती आली?"

ती बौद्ध होती. ती आपणहून बाहेर थांबायची आणि ती तिची सवय आहे असं मी धरून चालले होते. मला सोयीची सवय! चार वर्षांत मी तिला एकदाही 'आत ये' म्हटलं नव्हतं. तेव्हापासून हा किस्सा सांगताना मी लवकर आटोपते.

०

रांजणातलं पहिलं खत निघालं तेव्हा गवई भाऊंनी रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, सांबार लावलं. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, नाहीतर पुण्याकडच्यांना वाटेल गॅलरीत डोसे लावले! एका डब्यात कोहळ्याचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, बी टाकलं. वेल कठड्यावर चढला, पलीकडे उतरला आणि खाली लोंबत लोंबत देशमुखांच्या खिडकीपाशी गेला. तिथेच त्याला फळ धरलं.

आता प्रश्न आला, कोहळं कोणाचं? मूळ वर, फळ खाली. बिल्डिंगीत चर्चा झाल्या. काकींनी मात्र निकाल लावून टाकला. "आठ घरच्या खरकट्यावर वाढलेलं ते. मले नको." बाकी घरांचं जायचं, पण काकींचं स्वतःचं खरकटं रांजणात जात नव्हतं. त्यांनी एक सालही कधी दिलं नव्हतं, त्यामुळे त्या एकट्या तसं म्हणायला मोकळ्या होत्या.

कोहळं वाढत चाललं. वेल ताणायला लागला. एका रविवारी आम्ही बघितलं, तर देशमुख काका खिडकीत स्टुलावर उभे! त्यांनी आपलं जुनं उपरणं गजांना बांधून कोहळ्याखाली झोळी केली होती. नीट, चारही बाजूंनी गाठी मारून. मग कोहळं दोन्ही हातांनी उचलून झोळीत ठेवलं आणि हात काढून घ्यायच्या आधी जरा वेळ तसेच उभे राहिले.

अंगणात आम्ही पाच-सहा जणी डाळ निवडत होतो. काकींनी वर बघितलं आणि मोठ्यानं हसून म्हणाल्या, "पाहा वं! कोहळ्याले झोळी बांधली ह्या माणसानं! घरात कधी बांधायची येळ आली नाही न!"

आम्ही हसलो. मग एकदम कळलं की काय बोलल्या त्या. काका-काकींना मूल नव्हतं. काकीही हसता हसता थांबल्या, सूप उचललं आणि आत गेल्या. दार लागलं. दुपारभर उघडलं नाही.

कोहळं पिकल्यावर काकांनी ते देठासकट कापलं, वर आणून गवईंच्या दारात ठेवलं आणि खाली गेले. सिंधूबाईनं त्याचे दोन भाग केले, अर्धं माझ्या हातात दिलं. "बाई, हे तुमी नेऊन द्या. माझ्या हातून घेणार नाहीत त्या."

मी नेलं. काकींनी फोड बघितली, मला बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं.

"तुमी देल्लं म्हून घेतो, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी खालून गूळ घातलेल्या कोहळ्याच्या भाजीचा वास आला. मधे माझे दोन हात लागले तेवढ्यानं चाललं!

०

मग बहात्तर साल आलं. त्या वर्षी पाऊस नाहीच म्हणा. पैनगंगेच्या पात्रात लोक झिरे खणून वाटीनं पाणी भरायचे. लोकांना रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकर थापली की भेगा पडायच्या.

गवई भाऊ रोज संध्याकाळी बादली घेऊन दारोदार कचरा गोळा करायला यायचे. दिवाळीनंतर बादली अर्धी यायला लागली. संक्रांतीनंतर तळाला. कोणी काही टाकतच नव्हतं! दोडक्याच्या शिरांची चटणी, कोबीच्या दांड्याची भाजी, आलूची सालं तेलाच्या थेंबावर परतून. मी मटारच्या टरफलांचीसुद्धा आतली पातळ साल काढून भाजी केली. एक दिवस गवई भाऊ सात दारं फिरून आले आणि बादली उपडी करून दाखवली. आत एक कांद्याचं टरफल.

"हे कोणी दिलं?" ह्यांनी विचारलं.

"माझ्याच घरचं हाय," गवई भाऊ म्हणाले. "बादली रिकामी घेऊन निघालो तर लोक म्हणतील येडा झाला."

त्याच आठवड्यात ते जानेफळकडच्या एका वाडीत गेले होते. ऑफिसचा हुकूम होता, दुष्काळ असो नसो, खड्ड्यांची माहिती लोकांना द्यायची. त्यांनी चावडीत बसून सगळं सांगितलं, थर कसा द्यायचा, पाणी किती शिंपायचं. सगळे शांत ऐकत होते. शेवटी एक म्हातारा उठला आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, तुमचं समदं पटलं. पण कचरा व्हाले आधी घरात काही उरा लागते न!"

गवई भाऊ हे सांगून हसले. आम्हीही हसलो. मग ते आत गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत, असं सिंधूबाईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

०

जनाबाई माळीण जानेफळहून बसनं यायची. डोक्यावर टोपली, अंगणातूनच हाळी, "भाजीऽऽ घ्या व माय!" तिची विहीर मार्गशीर्षातच आटली. तरी ती दोन-चार जुड्या कुठून कुठून आणत होती. मग त्याही बंद झाल्या.

माघातली गोष्ट. सकाळी तीच हाळी आली. आम्ही सगळ्या धावलो, वरच्या जिन्यावरून, खालच्या दारातून. जनाबाईनं अंगणात टोपली उतरवली. टोपली रिकामी! नुसती चुंबळ आत.

काकी चिडल्या. "काऊन ओरडली मंग?"

जनाबाई पायरीवर टेकली. म्हणाली, "काकी, तीस वर्सं झाली या रस्त्यानं येऊन राह्यली. घरी बसली तं जीव घाबरते. कंडक्टरनं तिकीट नाही घेतलं माझं. तो बी म्हणे, रिकामी टोपली हाय, बस."

सिंधूबाई वर गेली आणि तिच्या डब्यातल्या भेदरांच्या झाडाचं शेवटचं फळ आणलं, सुपारीएवढं. ते जनाबाईच्या टोपलीत ठेवून म्हणाली, "रिकामी नको नेऊ."

मी माळणीला भाजी दिलेली तेवढी एकदाच पाहिली.

०

टँकर एक दिवसाआड यायला लागला तेव्हा गवई भाऊंनी डब्यांना पाणी घालणं बंद केलं. वेल गेला, सांबार गेलं. एक वांग्याचं झाड मात्र आठ घरांनी मिळून जगवलं. कोणी ठरवलं नव्हतं. जी ती डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी वाटीत धरून ठेवायची आणि जाता-येता जिन्याखाली आणून ठेवलेल्या त्याच्या डब्यात ओतायची. फाल्गुनात त्याला वांगं धरलं. एकच. जांभळं, चकचकीत, मुठीएवढं. शाळेतून आले की मी आधी ते बघायचे, मग मुलीला.

"तोडायचं कसं? आठ घरं आणि एक वांगं," गवई भाऊ म्हणाले.

सिंधूबाई म्हणाली, "भरीत करू. भरताले हिस्से पडतात."

तिनं ते अंगणात निखाऱ्यावर भाजलं. कांदा माझा, मिरची कोणाची, तेल कोणाचं. भरीत झालं वाटीभर. पोरांना बोट बोट मिळालं. मोठ्यांना चिमूट चिमूट, मिलोच्या भाकरीवर. मी अजून शपथेवर सांगते, तसं भरीत मी परत खाल्लं नाही. माझ्या मुलीनं बोट चाटून चाटून पांढरं केलं.

काकी लांब उभ्या होत्या. मी म्हटलं, "काकी, घ्या ना."

"मले वांगं नाही चालत," काकी म्हणाल्या. "चातुर्मास हाय."

फाल्गुनात! बिल्डिंगीत असा हशा पिकला! तेवढ्यात देशमुख काका पुढे झाले, आपला चिमटीभर हिस्सा उचलला, तोंडात टाकला, आणि चार वर्षांत मी ऐकलेलं त्यांचं पहिलं वाक्य बोलले.

"मीठ बरोबर आहे."

०

चैत्रात कावीळ पसरली. कोणी म्हणे टँकरचं पाणी, कोणी म्हणे झिऱ्याचं. आमच्या बिल्डिंगीत ती सिंधूबाईला झाली. आधी डोळे पिवळे, मग अन्नावरची वासना गेली. जिला दाराबाहेरून कढईतलं कळायचं, तिला फोडणीचा वास सहन होईना. डॉक्टरांनी पाणी उकळून द्यायला सांगितलं. गवई भाऊ टँकरचं मिळेल ते पाणी उकळायचे, फडक्यानं गाळायचे आणि तिच्यासाठी एका बादलीत झाकून ठेवायचे. स्वतः त्यातलं घेत नव्हते.

एक दिवस ती म्हणाली, "बाई, अंबाडी खावाशी वाटते. आंबट."

वैशाखात अंबाडी! आणि त्या वर्षी! मी जनाबाईला निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी ती पदराच्या गाठीत मूठभर वाळलेला पाला घेऊन आली. आदल्या भादव्यातला असेल, घरात कुठे गाडग्यात राहिलेला. मी आणि जनाबाई दोघी तिच्या खाटेपाशी बसलो. हो, मी तिच्या घरात गेले होते. तिच्या आजारपणात रोज जात होते. माझ्या घरी मात्र ती अजून आली नव्हती.

जनाबाईनं पाला तिच्या नाकाजवळ धरला. सिंधूबाईनं डोळे मिटूनच श्वास घेतला.

"हे भादव्यातलं नाही," ती म्हणाली. "अश्विनातलं हाय. दुसऱ्या तोडीचं."

जनाबाईनं जरा आठवलं आणि गालावर हात मारून घेतला. "हाव व माय! सर्वपित्री झाल्यावर तोडलं होतं! बराबर हाय!"

सिंधूबाई हसली. भाजी करून ठेवली, ती तिनं खाल्ली नाही. त्यानंतर बाराव्या दिवशी ती गेली. पस्तिशीही नव्हती.

०

आता हा शेवटचा. हा आम्ही लग्नाकार्यात सांगत नाही.

सिंधूबाई गेली त्या दिवशी टँकर येऊन तीन दिवस झाले होते. सकाळी बौद्ध वस्तीतले लोक आले, वंदना झाली. बिल्डिंगीतून कोण जाणार, कोण नाही, यावर दारादारांत कुजबुज चालली होती. आमचे हे निघाले. आणखी दोघं निघाले. तेवढ्यात खालचं दार उघडलं आणि देशमुख काका बाहेर आले, अनवाणी. कोणाला न विचारता पुढे गेले आणि तिरडीला खांदा दिला. काकी दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. असं मी तेव्हाच पाहिलं.

उन्हं कलल्यावर सगळे परतले. ह्यांनी घरी येऊन ओल्या पंच्यानं अंग पुसलं. मी तेवढ्यावर चालवून घेतलं. काका आपल्या दाराशी गेले, तर काकी उंबऱ्यात आडव्या.

"डोक्यावरून पाणी घेतल्याबिगर आत नाही यायचं."

"पाणी आहे का?" काकांनी विचारलं.

पाणी नव्हतं. त्यांच्या घरी अर्धी घागर प्यायचं, तेवढंच. काका पायरीवर बसले. काकी आत जाऊन उभ्या राहिल्या, दार सताड उघडं. अर्धा तास गेला. एक तास गेला. अंगणातून सगळ्यांना दिसत होतं. मी आमची कळशी वाकवून बघितली. तळाला दोन तांबे असतील. मुलगी होती घरात. मी कळशी सरळ केली आणि खिडकीतून बघत राहिले.

मग जिन्यावर पावलं वाजली. गवई भाऊ खाली उतरत होते. त्याच कपड्यात, डोळे सुजलेले, आणि हातात बादली. वर फडकं बांधलेलं. सिंधूबाईसाठी उकळून ठेवलेलं पाणी होतं ते. भरत आलेली बादली. शेवटचे दोन दिवस तिनं घोटही घेतला नव्हता.

त्यांनी बादली काकांच्या पुढ्यात ठेवली.

"अंघोळ करून घ्या, काका," ते म्हणाले. "तुमी माझ्यापायी बाहेर बसून राह्यले."

काका उठून उभे राहिले. बादलीकडे बघितलं, पण हात लावला नाही. आठ घरांच्या दारांत माणसं उभी होती आणि अंगणात कावळ्याचा तेवढा आवाज.

काकी आतून आल्या. उंबरा ओलांडून पायरी उतरल्या. वाकल्या, बादलीची कडी धरली, उचलली. गवई भाऊंकडे बघितलं नाही, काकांकडेही नाही. वळून बादली घेऊन आत निघाल्या. दारातून जाताना नवऱ्याला म्हणाल्या, "या आत."

"अंघोळ?" काका म्हणाले.

"या म्हटलं न."

काका तसेच आत गेले. दार लागलं. गवई भाऊ थोडा वेळ अंगणात उभे राहिले आणि मग वर चढून आले. त्या संध्याकाळी बिल्डिंगीत कोणीच चूल पेटवली नव्हती. फक्त खालच्या एका खिडकीतून धूर यायला लागला.

दिवेलागणीला जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. जड, थांबत थांबत. काकी! चार वर्षांत त्या वरच्या मजल्यावर कधी आल्या नव्हत्या. एका हातात भाताचं पातेलं, दुसऱ्या हातात पिठल्याची वाटी. माझ्या दारावरून गेल्या, माझ्याकडे न बघता. गवई भाऊ गॅलरीत भिंतीला टेकून बसले होते. काकी त्यांच्यासमोर खाली बसल्या, फरशीवर, पदर सावरत. पातेल्यावरचं झाकण काढलं. भाताची वाफ वर आली.

गवई भाऊ पातेल्याकडे बघत राहिले.

"जेवा," काकी म्हणाल्या. "पाणी तुमचंच हाय."